शेवटचा हात

“काकू, तुमच्या हातात सुई आहे,” बसमध्ये शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली. काकूंना वाटलं, पोरगी उगीच बोलायला विषय काढते आहे. त्यांनी कौतुकाने मान हलवली. “हो ग, आम्ही गोधड्या शिवतो ना दर बुधवारी. गरजूंना देतो.” मुलगी गोंधळली. “तसं नाही हो. हातात म्हणजे हातातच. घुसलीय.” तेव्हा कुठे काकूंनी दांडा धरलेल्या आपल्या उजव्या हाताकडे मान वर करून पाहिलं. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या गुबगुबीत भागात सुई होती. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि नेढ्यात अडकलेला वीतभर निळा दोरा बसच्या हिसक्यांबरोबर हलत होता. रक्त म्हणाल तर एक ठिपका, तोही वाळलेला. काकू त्या सुईकडे बघत राहिल्या. हात आपला आहे हे कळत होतं, त्यात सुई आहे हे दिसत होतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच लागत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने सुई धरून ओढली. कातडी जराशी उचलली गेली आणि बसली. “दुखलं का हो?” मुलीने तोंड वाकडं करत विचारलं, जणू तिलाच टोचलं होतं. “छे ग, आम्हाला सवय असते,” काकू म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा. खोटं बोलायला माणसाला तयारी लागत नाही, हे त्यांना गेल्या वर्षभरात चांगलंच समजलं होतं.

सुई रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकेपर्यंत पुढचा थांबा गेला. मग त्यांना आठवलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीतून निघून पाव तासही झाला नव्हता. निघण्याआधी नेहमीसारखाच काकूंनी शिवून झालेल्या गोधड्यांवरून हात फिरवला होता. लहान मुलांच्या गोधड्या, टेबलावर एकावर एक पसरलेल्या. एखादी सुई आत राहिलीय का, तुटकं टोक राहिलंय का, टाचणी राहिलीय का, हे बघायला. म्हणजे हात फिरवताना ही सुई हातातच होती. सुया शोधणाऱ्या हातातच सुई, आणि हाताला पत्ता नाही! काकूंना एकदम दरदरून घाम फुटला. बाहेर चांगली थंडी होती, लोक कान झाकून बसले होते, आणि ही बाई मधोमध उभी राहून पदराने मानेवरचा घाम पुसत होती. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. मुलगी मागून म्हणाली, “काकू, इंजेक्शन घ्या हं धनुर्वाताचं.” ही कुणाची कोण पोरगी, आणि तिला यांच्या हाताची काळजी. काकूंनी मागे न बघता हात हलवला.

रस्ता ओलांडून उलट दिशेची बस पकडायची की चालत जायचं, याचा विचार न करताच त्या चालू लागल्या. चालताना पावलांकडे बघावं लागे. ही सवय गेल्या वर्षीची. एकदा बाजारातून घरी आल्या तेव्हा सून दार उघडून हसली होती, “अहो आई, एकच चप्पल?” दुसरी कुठे रस्त्यात निसटली होती आणि पायाला कळलं नव्हतं. काकूही हसल्या होत्या. म्हातारचळ लागला बघ तुझ्या सासूला, म्हणाल्या होत्या. मग सुनेचं हसू हळूहळू कमी होत थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसला न जाता त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. साखर जुनीच होती. डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. “डोळे मिटा आजी, आणि मी कुठे हात लावतोय ते सांगा,” म्हणाला, आणि नायलॉनचा एक दोरा बोटांना टेकवत गेला. काकूंनी डोळे मिटले, पण पुरते नाही. पापणीच्या फटीतून दिसत होतं तेवढं दिसू दिलं. “आता?” “करंगळी.” “आता?” “मधलं बोट.” पायाचं काही लपवता आलं नाही, पाय लांब होते. हात मात्र पास झाले. शाळेतसुद्धा कधी कुणाच्या वहीत डोकावून पाहिलं नव्हतं काकूंनी, आणि सत्तरीला येऊन ही कॉपी! बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “चला, हात शाबूत आहेत तुझे,” आणि त्याच्या आवाजात इतकी सुटका होती, की काकूंना क्षणभर स्वतःचंच खरं वाटलं.

हात तर होतेच त्यांचे सगळं काही. तीस-बत्तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेलं. साहेब खिडकीबाहेर बघत मजकूर सांगायचा आणि काकू त्याच्या टकलाकडे बघत टाइप करायच्या, कागदाकडे नजर नाही, की कळांकडे नाही. चुकीची कळ दाबली गेली, की कागदावर अक्षर उमटायच्या आधी बोटाला कळायचं. नवरा आजारी होता त्या दिवसांत त्याच्या कपाळाला पालथा हात लावून ताप सांगायच्या, मागाहून थर्मामीटर लावलं की तोच आकडा. तो म्हणायचा, “मी मेल्यावरसुद्धा हिला हात लावू देऊ नका रे, अजून थोडी धुगधुगी आहे म्हणून मला उठवून बसवेल.” माणूस असा, जाताना पण चेष्टा. तो गेला तेव्हा हात पूर्ण जागे होते. त्याचं कपाळ कसं गार होत गेलं, आधी बाजूनं आणि मग मधे, हे त्यांच्या बोटांत नीट राहिलं होतं. आता नात गळ्यात पडते, तिच्या गालाला हात लावला, तर मधे एखादं फडकं असावं तसं वाटतं. फडक्याच्या पलीकडे नात असते.

आणि घरात सगळी कशी प्रेमाची माणसं! तीच तर पंचाईत. सून कधी वेडंवाकडं बोलली असती, तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. पण ती हळूच येते, हातातली सुरी काढून घेते, “राहू द्या आई, मी चिरते.” गॅसवरून भांडं उतरवायला गेल्या, की “थांबा, थांबा,” म्हणत मुलगा धावतो. कप फुटला तर कुणी बोलत नाही, उलट नातच म्हणते, “आजी, तो मलासुद्धा आवडत नव्हता.” घरातलं एकेक काम असं त्यांच्या हातून निघून गेलं, कुणी ओढून नेलं नाही, फक्त उचलून नेलं. उरला तो बुधवार. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, जुन्या मासिकांचा वास, भिंतीला लोखंडी कपाट, मधे जोडून लावलेली टेबलं आणि त्यांच्याभोवती त्या चारपाच बायका. निवृत्त मास्तरीणबाई, ज्यांनी हा उद्योग सुरू केला आणि ज्या अजून सगळ्यांना वर्गातल्यासारखं गप्प बसवतात. नर्सबाई, सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या. टेलरबाई, जिचं दुकान आता मुलगा बघतो. आणि धाकटी, म्हणजे चाळिशीची, पण इथं धाकटीच, मूलबाळ नसलेली, हसली की डोळ्यांत पाणी येणारी. लोक जुन्या चादरी, शर्ट, फ्रॉक आणून देत. टेलरबाई कापायची, मास्तरीणबाई तुकडे जुळवायच्या, मधे जुनं ब्लँकेट घालून वरून-खालून थर बसवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचा. आणि शेवटी हात काकूंचा.

हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या पहिल्या दिवसांत एका गोधडीत अर्धी तुटलेली सुई राहिली होती, दोन थरांच्या मधे, कुणाला दिसली नाही. काकू सहज घडी घालायला गेल्या आणि थबकल्या. “इथं काहीतरी आहे.” उसवून पाहिलं, तर खरंच. मास्तरीणबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, “आजपासून काकूंचा हात फिरल्याशिवाय एकही गोधडी बाहेर जाणार नाही.” तेव्हापासून ती रीतच पडली. आधी तळवा, मग पालथा हात, मग बोटांची टोकं कडेकडेने. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. पुढे धाकटीने एकदा लोहचुंबक आणलं होतं, कुठल्याशा बिघडलेल्या स्पीकरमधलं. “हे फिरवलं की काम सोपं होईल ना,” म्हणाली बिचारी. काकूंनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. “खेळायला बरं आहे.” सगळ्या हसल्या. धाकटी लाल झाली. मास्तरीणबाईंनी तोडून टाकलं, “काकूंचा हात असताना लोखंडाचा तुकडा कशाला?” त्या दिवशी काकू घरी गेल्या त्या हवेत चालत. कुणीतरी आपल्याशिवाय अडतं, याच्याइतकं सुख म्हातारपणी दुसरं नाही. आणि मग कधीतरी, गेल्या वर्षीच्या थंडीच्या सुरुवातीला, त्यांनी एका गोधडीवर हात ठेवला आणि खाली गोधडी आहे की टेबल आहे हे त्यांना कळलं नाही.

तरी त्या हात फिरवत राहिल्या. काय करणार होत्या? आधी तळवा, मग पालथा हात, मग कडा. डोळे बारीक करून बघायच्या, कुठं काही चमकतंय का, कुठं फुगवटा दिसतोय का. दर बुधवारी ठरवायच्या, आज सांगायचं. दर बुधवारी खोलीत शिरलं, की मास्तरीणबाई म्हणायच्या, “या, आला आमचा हुकमी हात!” आणि सांगायचं राहून जायचं. लवकर निघावं लागे ते एक बरं होतं, नातीची शाळा सुटायची वेळ असायची. हात फिरवला, की पर्स उचलून जिन्याने खाली. मागे बायका आवराआवर करत, गोधड्या कपाटात ठेवत, गाडीवाला सकाळी येऊन त्या घेऊन जाई. काकू मनाला समजावत, बायका काय आंधळ्या आहेत का? शिवताना सुया संभाळतातच की. इतक्या वर्षांत एकदाच तर राहिली होती. पण पर्समधली ही सुई आता सरळ विचारत होती, मग मी? चालता चालता एका दुकानाच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो चोराचा दिसला.

पाय मंदावले. सांगितलं नाही, तर? सुई गटारात टाकून द्यायची, पुढच्या बुधवारी ताप आल्याचा निरोप धाडायचा, मग गुडघे, मग हळूहळू जाणंच बंद. झाकली मूठ. कुणाला कळणारही नाही. त्या खरोखर गटारापाशी उभ्या राहिल्या. पण आजच्या तीन गोधड्या अजून कपाटात होत्या, आणि त्या लेकरांच्या होत्या. शिवाय महिनोन्‌महिन्यांच्या बाकीच्या, त्या तर कधीच गेल्या. अनाथाश्रमात, दवाखान्यात, पुलाखाली. कुठल्या गोधडीत काय होतं, देव जाणे. नाही, निदान आजच्या तरी थांबवायला हव्यात. सांगायचं. हात मेलेत माझे, वर्षभर तुम्हाला फसवलं, काय बोलायचं ते बोला आणि आधी त्या गोधड्या तपासा. एवढं बोलायचं आणि जिना उतरायचा. नाक कापलं जाईल, पण रात्री झोप तर लागेल. नातीला आज शाळेतून तूच आण, असा सुनेला फोन केला, आणि वाचनालय येईपर्यंत काकूंनी ही वाक्यं ओठातल्या ओठात घोकली, शाळेतल्या मुलीनं कविता घोकावी तशी.

जिना चढून वर आल्या, तर दार अर्धवट लोटलेलं. काकूंनी फटीतून पाहिलं आणि त्यांचे पाय जागीच थांबले. तिन्ही गोधड्या टेबलावर पुन्हा उलगडून पसरलेल्या होत्या. टेलरबाई वाकून एकीवरून काळं, गोल काहीतरी इंचाइंचाने सरकवत होती. ते धाकटीचं लोहचुंबक होतं. दुसऱ्या गोधडीवर नर्सबाईंनी गाल टेकवला होता आणि डोळे मिटून त्या गाल हळूहळू सरकवत होत्या. धाकटी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात फिरवत होती. मास्तरीणबाई सुयांच्या उशीतल्या सुया परत परत मोजत होत्या. “एक कमीच आहे ग,” त्या हळू म्हणाल्या. “निळा दोरा ओवलेली. काकूंच्या हातातली होती.” टेलरबाई मान वर न करता म्हणाली, “मिळेल. दर वेळी सगळं तपासतोच ना आपण काकू गेल्यावर. आज जरा वेळ लागतोय इतकंच.”

दर वेळी. काकूंनी दाराला धरलं, दार करकरलं, आणि सगळ्या एकदम वळल्या. कुणाला काय करावं सुचेना. टेलरबाईने तर लोहचुंबक पाठीमागे लपवलं, एवढी साठीची बाई, पेरू चोरताना पकडल्यासारखी. “काकू, अहो, विसरलात का काही?” मास्तरीणबाई म्हणाल्या. काकूंनी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि सुई टेबलावर ठेवली. “हीच ना?” सगळ्यांनी पाहिलं. निळा दोरा. “तळव्यात होती. बसमध्ये एका पोरीने दाखवली. मला कळलं नाही.” घोकलेलं सगळं एवढंच निघालं. धाकटी टेबलाखालून बाहेर आली आणि तिचे डोळे भरले. ते बघून काकूंना तिच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. “कधीपासून?” त्यांनी विचारलं. “कधीपासून करताय हे?”

नर्सबाईंनी सांगितलं, कारण अशा गोष्टी सांगायची सवय त्यांनाच होती. “गेल्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हापासून. तुम्ही उकळत्या चहाचा स्टीलचा पेला धरून गप्पा मारत होतात, मला तो क्षणभर धरवेना. मी ओळखलं. साखरेची माणसं मी कमी बघितलीत का?” “मग बोलला का नाहीत?” “तुमचं मन मोडवेना, काकू,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. “तुम्ही इतक्या हौसेने हात फिरवायचात. आम्ही म्हटलं, फिरवू दे. तुम्ही गेल्यावर परत बघायचं. कुणाचं काय जातंय? गोधड्याही नीट जातील आणि तुम्हीही...” “आणि मी पण खेळेन,” काकू म्हणाल्या. त्यांना सगळे बुधवार आठवले. तळवा, पालथा हात, कडा, आणि भोवती ती शांतता. ती शांतता त्यांना मानाची वाटायची. या सगळ्या काय करत होत्या त्या वेळी? लहान मूल लुटुपुटीचा स्वयंपाक वाढतं, तेव्हा मोठी माणसं जेवल्यासारखं करतात, तशा बसल्या होत्या. घरी मुलगा, सून, नात. इथे या. अख्ख्या जगाने संगनमत करून त्यांना सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती.

पण त्या रागाच्या खालून, खरं सांगायचं तर, एक गार, मोठी सुटका वर येत होती. म्हणजे सगळ्या गोधड्या तपासलेल्या होत्या. अनाथाश्रमातल्या, दवाखान्यातल्या, पुलाखालच्या. सुई कुठेही गेली नव्हती. काकू खुर्चीवर बसल्या. धाकटीने पाणी दिलं, पेला त्यांच्या हातात न देता समोर ठेवला, आणि तेसुद्धा चाललं. “बरं झालं बायांनो,” काकू म्हणाल्या, “माझी अब्रू जाऊ दे खड्ड्यात. लेकरांना काही झालं नाही ना, बस्स. एक तरी गोधडी माझ्या भरवशावर गेली असती, तर मला कुठं तोंड दाखवायला जागा नव्हती.” त्या पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवताना त्यांना दिसलं, की कुणीच हसत नाही. मास्तरीणबाई टेलरबाईकडे बघत होत्या. टेलरबाई नर्सबाईंकडे. आणि धाकटी कुणाकडेच नाही, खिडकीकडे. काकू आयुष्यभर कचेरीत बसलेल्या, लोक एकमेकांकडे असे कधी बघतात ते त्यांना ठाऊक होतं. “काय आहे?” त्यांनी विचारलं. “काही नाही हो.” “मागचा बुधवार,” काकू हळू म्हणाल्या.

मागच्या मंगळवारी गावाबाहेरची झोपड्यांची वस्ती जळाली होती. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. बुधवारी गाडीवाला सकाळची वाट न बघता दुपारीच येऊन उभा राहिला, खालून हॉर्न वाजवत. पोरंबाळं उघड्यावर आहेत, असतील नसतील तेवढ्या गोधड्या द्या. शेवटचे टाके चाललेलेच होते. काकू अजून निघाल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि भराभर हात फिरवू लागल्या, एक झाली की दुसरी, आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, “हं, न्या.” गाडीवाला एकेक उचलून खाली नेत होता. बायका भिंतीशी उभ्या होत्या, चेहरे कसनुसे झालेले. काकूंना तेव्हा वाटलं होतं, घरं जळालेल्या माणसांच्या दुःखानेच. त्या दिवशी त्या नातीच्या शाळेला उशिरा पोचल्या होत्या, पण अंगात वेगळाच उत्साह होता. सुनेला सांगितलं होतं, “आज अगदी वेळेला हात उपयोगी पडले बघ.”

“तुम्ही समोर होतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या देखत परत कसं तपासायचं? मी टेलरबाईंना खूण केली, त्यांनी मान हलवली. वाटलं, तुम्ही निघाल तर दोन मिनिटं गाडी थांबवू. पण तुम्ही शेवटची गोधडी जाईपर्यंत हलला नाहीत.” “आणि सुया? मोजल्यात?” मास्तरीणबाईंनी सुयांची उशी जवळ ओढली. “मोजल्यात का सुया?” “एक कमी होती,” नर्सबाई म्हणाल्या. “कपाटाखाली गेली असेल, असं वाटलं आम्हाला.” काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. “माझं मन राखायला? माझं मन राखायला लेकराच्या पांघरुणात सुई घातलीत? अग, तोंडावर सांगायचं होतं, बाई, तुझे हात गेलेत, बाजूला हो. दोन दिवस रडले असते. मेले नसते मी!” मास्तरीणबाईंनी टेबलाचा काठ धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसल्या, एखाद्या विद्यार्थिनीसारख्या. “तुम्ही पण सांगायचं होतं, काकू,” टेलरबाई अगदी हळू म्हणाली. रागाने नाही. ते खरं होतं.

धाकटीने गाडीवाल्याला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तो जेवत असावा, तोंडात घास होता. “हो ताई, त्याच दिवशी वाटल्या सगळ्या. शाळेच्या हॉलमध्ये होती ती माणसं. लहान पोरांच्या आधी संपल्या. फार आशीर्वाद देत होते बघा लोक.” “आता कुठे आहेत ते?” “आता कुठले! चार दिवसांत हॉल रिकामा करायला लावला. कुणी भावाकडे, कुणी कामाला दुसऱ्या गावी. पांगले सगळे. का हो ताई, काही राहिलं का द्यायचं?” धाकटी म्हणाली, “नाही, काही नाही,” आणि फोन बंद केला. मग टेलरबाई एकदम उठली. “कपाट सरकवू या,” म्हणाली. खरंच की, कपाटाखाली कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना तेवढ्याने हुशारी आली. पदर खोचले, भरलेलं लोखंडी कपाट, पाचही जणींनी खांदा लावला, नर्सबाई “एक, दोन, तीन” म्हणाल्या, आणि ते फरशीवर किंचाळत हातभर सरकलं. काकूंनीही ढकललं. ढकलायला बोटं लागत नाहीत. खाली बोटभर धुळीची साय होती. धाकटीने त्यावरून लोहचुंबक फिरवलं, मग हाताने धूळ चिवडली. एक शर्टाचं बटण निघालं. पांढऱ्या दोऱ्याचं चिमुकलं रिकामं रीळ. मासिकाचं एक फाटलेलं पान. पुन्हा एकदा सगळं चिवडलं, भिंतीच्या कडेने, फरशीच्या फटींतून, खिडकीच्या चौकटीपर्यंत. मग टेलरबाईने हात झाडले.

“नसेलही गोधडीत,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “झाडताना केरात गेली असेल. कुणाच्या पदराला लागून गेली असेल. मोजायलाही चुकलो असू.” “असली तरी मधल्या थरात अडकून बसते, बाहेर येत नाही,” टेलरबाई म्हणाली. “येते,” नर्सबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, किंवा आज त्यांनी ठरवलं होतं. कुणीतरी दिवा लावला. धाकटीने विचारलं, “काकू, घरी सोडू का तुम्हाला?” त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांनाही कळलं नाही. बायका गोधड्यांच्या घड्या घालू लागल्या, एकीने एक टोक, दुसरीने दुसरं. काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे एक घर येत होतं, घर कसलं, कुणाच्या तरी घरातला एक कोपरा. त्या कोपऱ्यात नवं, न मळलेलं पांघरूण एकच. त्यात लेकरू आहे. ते कूस बदलतं आणि कळवळून रडतं. आई त्याला पाजून बघते, थापटून बघते, तरी रडतं. थंडी वाजत असेल बाळाला, तिला वाटतं. चांगल्या माणसांनी दिलेली ती गोधडी ती त्याच्या अंगाभोवती आणखी घट्ट लपेटते.